बारा मिनिटांचं गाव

गावात मिनिटबाईंचं खरं नाव विचारलंत तर दहातले नऊ जण डोकं खाजवतील. दहावे त्यांचे यजमान, आणि तेही घरात "अगं" म्हणूनच भागवतात.

पण मिनिटबाई कोण, असं विचारलंत तर शेंबडं पोरही बोट दाखवेल. बेकरीच्या डोक्यावरची खोली, एका वेळी एकच माणूस मावेल असा जिना, वर व्यापारी मंडळाची पाटी आणि पाटीखाली बारीक अक्षरांत 'गावाची माहिती इथे मिळेल'. आत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतभर नकाशा आणि त्या नकाशासमोर चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधणाऱ्या बाई. दर वर्षी चाळीस पानांची एक पुस्तिका काढायची, ती दूरदूर धाडायची आणि लोकांनी इथे येऊन राहावं, धंदा थाटावा म्हणून त्यांचं मन वळवायचं, हे त्यांचं काम. स्थळ जमवणाऱ्याला एका घराचे गुण गावे लागतात, यांना अख्ख्या गावाचे.

कामाला लागल्या तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. मंडळाचे तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, "काही अवघड नाही. लिहा: निसर्गरम्य, शांत, सुसंस्कृत."

"स्वतःच्या पुस्तिकेत कुठलं गाव गोंगाटाचं आणि असंस्कृत असतं हो?" बाईंनी विचारलं.

 बाईंनी यजमानांचं मनगटी घड्याळ मागून घेतलं. यजमान कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकांची बांधणी करायचे. दिवसभर खळ आणि सुतळी हातात, त्यामुळे घड्याळ तसंही खिशातच असायचं. आठ दिवस बाई पायी हिंडल्या आणि वहीत मांडत गेल्या. स्टेशनपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत बारा मिनिटं. फाटकापासून वाचनालय चार. वाचनालयापासून नदीकाठचे बाक नऊ. कुठल्याही घरापासून दवाखाना दहाच्या आत. नव्या माणसाला सुंदर म्हणजे किती सुंदर ते कळत नाही, पण बारा मिनिटं म्हणजे किती ते बरोबर कळतं.

आणि माणसं आली की खरोखर! दातांचे डॉक्टर आले, घड्याळं दुरुस्त करणारं एक जोडपं आलं, आयुष्यभर गाड्यांच्या गर्दीत घुसमटलेली एक निवृत्त शिक्षिका तर पुस्तिका हातात धरूनच स्टेशनवर उतरली. पुस्तिकेचा दबदबा असा वाढला की दुकानदार भांडायला वर येऊ लागले.

"बाई, स्टेशनपासून माझं दुकान आठ मिनिटं आणि समोरच्याचं सात? मधे काय समुद्र आहे?" चपलांचे दुकानदार विचारायचे.

"रस्ता ओलांडावा लागतो ना तुमच्याकडे यायला."

"मग आधीच ओलांडून या की!"

बाई ऐकायच्या नाहीत. मोजलं ते मोजलं.

मोठं कॉलेज असलेलं गाव कधी म्हातारं होत नाही. चेहरे बदलतात, वय तेच राहतं. दर वर्षी बॅगा ओढत, नकाशे उलटे धरत अठरा वर्षांची पोरं येतात आणि गाव झोपेतून उठल्यासारखं आळस देतं. सायकलींच्या घंटा वाजू लागतात, खिडक्यांत ओले टॉवेल येतात, बेकरीवाला पहाटे दोन तास आधी उठतो. मग परीक्षा संपतात. तीन दिवस मिठ्या, रडारड, फोटो, आणि चौथ्या दिवशी घंटाघराखाली उभं राहिलं तर बेकरीतला ट्रे सरकवल्याचा आवाज ऐकू येतो. शेवटच्या वर्षाची पोरं परतत नाहीत. गावात त्यांच्याजोगं कामच नसतं. आपण भाकरी थापायची आणि दुसऱ्यानं खायची, असं गावाचं चाललेलं.

सुट्टीतल्या दुपारी बाई खिडकीशी हनुवटी टेकून बसायच्या. खालून पावाचा गरम वास वर येत असे, पडदा आत-बाहेर श्वास घेत असे, आणि डोळे अर्धे मिटले की रस्ता हळूहळू भरू लागे. गेलेली सगळी पोरं परत चाललेली दिसत. चालता चालता वाचणारी आणि रोज त्याच खांबाला धडकणारी मुलगी. शीळ घालायला तीन वर्षं शिकून शेवटी न जमलेला उंच मुलगा. पांढऱ्या कोटातल्या दोघी, एकच छत्री, ऊन असतानाही उघडलेली. कुणाच्या पावलांचा आवाज नाही, कुणाचं वय वाढलेलं नाही, आणि जायचं कुणी नावच काढत नाही. बाई त्यांना वरून हात करायच्या. मग फोन वाजायचा, पलीकडून कुणी विचारायचं, "तिथे पाण्याची काय सोय आहे?" आणि रस्ता पुन्हा रिकामा व्हायचा.

यंदा त्या जाणाऱ्यांत त्यांची लेक असणार होती.

लेक एकुलती एक. भौतिकशास्त्राचं शेवटचं वर्ष, आणि काचेचं वेड लहानपणापासूनचं. भाजीत मीठ घालायला सांगावं तर ही मिठाचे दाणे भिंगाखाली धरून उभी, आणि भाजी करपलेली. "आई, बघ ना, प्रत्येकाला कोपरे आहेत," असं म्हणून तीच वर आईला हाक मारणार. या पोरीला गावात काम कुठलं मिळायचं? ती गेली की घरात दोघंच उरणार, आणि मग आपण हे गाव कुणासाठी गोड करून सांगतोय, हेच बाईंना कळेना. त्यांना लेक जायला नको होती. साफ नको होती. हे त्यांनी यजमानांनाही सांगितलं नव्हतं.

अशात पत्र आलं. सूक्ष्मदर्शकाची भिंगं बनवणारा एक कारखाना नवीन जागा शोधत होता. तीन गावं त्यांनी काढली होती, त्यातलं एक हे. त्यांचा माणूस दिवसभरासाठी येऊन पाहून जाणार होता. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! कारखाना, आणि तोही भिंगांचाच. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, मग टेबलावर पालथं ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. लेक सकाळी डबा घेऊन कामाला निघालीय, संध्याकाळी परत येतेय, भाजी करपवतेय, असं पुढच्या वीस वर्षांचं सगळं त्यांनी तिथेच बसून पाहून घेतलं.

मंडळाचे आताचे अध्यक्ष म्हणजे सायकलवाले. त्यांनी दुकानाला रंग दिला, बाकीच्यांना द्यायला लावला, आणि पाहुण्यांसाठी कुणाची तरी मोठी गाडी मागून आणली.

पाहुणे उतरले ते साठी ओलांडलेले, काटकुळे, हातात काही नाही, फक्त कोटाच्या खिशात पुस्तिका. चाळीस वर्षं स्वतः भिंगं घासलेला कारागीर माणूस. बोटांची टोकं अशी गुळगुळीत झालेली की हात मिळवताना बाईंना साबणाची वडी धरल्यासारखं वाटलं.

"गाडी नको," ते म्हणाले. "यात लिहिलंय बारा मिनिटं. चालू या."

सकाळ धुक्याची होती. झाडांची खोडं दिसत होती, शेंडे नव्हते. घंटाघराचं घड्याळ मनोऱ्याशिवाय हवेत लटकल्यासारखं वाटत होतं. तिघं चालले.  मधेच एखादी सायकल धुक्यातून निघायची आणि धुक्यातच जायची. बाईंना वाटलं, गावानं आज आपली लाज राखली, इतकं देखणं ते कधीच दिसलं नव्हतं. कॉलेजचं फाटक आलं. पाहुण्यांनी बाही सरकवून घड्याळ पाहिलं आणि मग ते बाईंपुढे धरलं.

एकोणीस मिनिटं.

अध्यक्षांनी खोकून घेतलं. "आज धुकं आहे ना! धुक्यात माणूस जरा जपून चालतो."

"असेल," पाहुणे म्हणाले. "मी तो दगडी पूल बघायला थांबलो होतो, त्यात गेली असतील."

थांबले होते ते अर्धं मिनिट. बाईंना माहीत होतं. हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्या घड्याळाकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की हा रस्ता आपण रोज चालतो, पण मोजलेला कधीच नाही. एकदा मोजला, तोच. बारा मिनिटं ठाऊकच होती, मग मनगटाकडे कोण बघतंय? दर वर्षी फोटो नवे, भाडी नवी, फोन नंबर नवे, आणि मिनिटं मात्र तीच उतरवून काढलेली.

"धुकं नाही आणि पूलही नाही," त्या म्हणाल्या. "ही बारा मिनिटं माझी सव्विसाव्या वर्षाची आहेत. आता मी पंचावन्न वर्षांची आहे. पुन्हा मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. तोही उघड उघड.

"केसाएवढी चूक निघाली तरी आम्ही भिंग फेकून देतो, बाई," पाहुणे म्हणाले.  लेकीचा डबा, लेकीची संध्याकाळ, सगळं त्या फाटकाशी सांडलं असं त्यांना वाटलं. पाहुण्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बाराच्या शेजारी एकोणीस लिहिलं. "मी बासष्ट वर्षांचा. आमचे निम्मे कारागीर माझ्याच वयाचे. चला, बाकीचंही मोजून घेऊ."

दिवसभर ते चालत राहिले. अध्यक्ष दुपारी गळाले, दुकान उघडायचं निमित्त करून सटकले. पाहुणे आणि बाई मात्र फाटकापासून वाचनालय, वाचनालयापासून दवाखाना, दवाखान्यापासून शाळा असे दोन म्हाताऱ्या पाखरांसारखे हळूहळू सरकत राहिले. सव्विसाव्या वर्षी झपाझप ओलांडलेलं गाव बाई पहिल्यांदा सावकाश बघत होत्या. वाचनालयाच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत आपणही त्यातलं काही झिजवलं असणार, असं त्यांना वाटून गेलं. एका खिडकीत कुणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवून बघत होतं. धुकं विरलं तरी बाईंच्या डोळ्यांवरून ते उतरलं नाही. सगळं थोडं दूर, थोडं उजळ, आणि आपण त्यातून चालतोय की कुणी आपल्याला दाखवतंय, हे कळेनासं झालेलं.

नदीकाठच्या बाकावर दोघं टेकले. पाहुण्यांनी आकडा लिहिला, पेन्सिल खिशात ठेवली आणि विचारलं, "इथे शिकलेली मुलं इथे राहतात का?"

पुस्तिकेत याला छान उत्तर होतं, पान सव्वीस. बाई म्हणाल्या, "नाही. जातात."

"तुमची?"

"एक लेक आहे. शेवटच्या वर्षाला. तिला काचेचंच वेड आहे." आणि मग राहवलं नाही म्हणून, "तुमचा कारखाना आला तर ती राहील."

"असं म्हणाली ती?"

 पाण्यावरून एक पान वाहत चाललं होतं. एकोणतीस वर्षं मुलुखभरच्या माणसांना, इथे राहाल का, म्हणून विचारलं होतं. घरातल्या पोरीला एकदाही नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

महिन्याभरानं कारखान्याचं पत्र आलं. दोनच ओळी: "पुस्तिका दुरुस्त करा. आम्ही येतो." अध्यक्षांनी बेकरीतला सगळा केक उचलून रस्त्यात वाटला. धुक्याचं कारण आपणच पाहुण्यांना सुचवलं आणि त्यावरच ते खूष झाले, असं ते सगळ्यांना सांगत होते. चपलांचे दुकानदार वर आले ते भांडायला नाही, तर हात जोडायला. त्यांचा मुलगाही शेवटच्या वर्षाला होता.

बाई त्या दिवशी लवकर घरी आल्या. लेक स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, यजमान एका जुन्या शब्दकोशाची पाठ शिवत होते.

"कारखाना येतोय," बाई म्हणाल्या. "तुला... म्हणजे तू राहशील का गं इथे?"

"राहीन की," लेक लगेच म्हणाली. "नावसुद्धा देऊन टाकते उद्या. तुम्हा दोघांना सोडून कुठे जाऊ?" आणि ती हसली.

वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं होतं. पण बाईंची आयुष्यभराची एक वाईट खोड आडवी आली. पुस्तिकेसाठी त्यांनी हजारो फोटो निवडले होते. दुकानदारांचे, विद्यार्थ्यांचे, बाकावर बसवलेल्या जोडप्यांचे. फोटोसाठीचं हसू त्यांना कोसभर अंतरावरून ओळखू यायचं. तसं हसू आपल्या स्वयंपाकघरात, बटाट्याच्या सालींपुढे बघावं लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

यजमानांची सुई थांबली होती. ते लेकीकडे बघत होते, बाईंकडे नाही. म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक होतं.

"खरं सांग," बाई म्हणाल्या.

"खरंच सांगतेय."

"हे पान सव्वीस झालं. खरं सांग."

लेकीनं बटाटा खाली ठेवला. "दूरच्या संस्थेतून पत्र आलंय. तीन आठवडे झाले. तिथे दुर्बिणीचे आरसे करतात आई, या खोलीएवढे. बाबांना माहीत आहे." तिनं एक साल बाजूला सारली. "तू इतकी धडपडत होतीस, मला सांगवेना."

"तुला जायचंय?"

"हो," लेक म्हणाली. "खूप."

बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. लपवायचं होतं ते तिघांचंही लपवून झालं होतं. मग त्यांनी लेकीच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेले बटाटे स्वतः सोलले. "पत्राला उत्तर लिहायला बस," एवढंच त्या म्हणाल्या.

लेक गेली. चपलांच्या दुकानदाराचा मुलगा राहिला, बेकरीवाल्याची भाची राहिली, आणखी कितीतरी. कारखान्याच्या नव्या खिडक्या संध्याकाळी चमकायच्या. रस्त्यात लोक बाईंना थांबवून म्हणायचे, तुमच्यामुळे आमचं पोर घरी राहिलं. बाई म्हणायच्या, छान झालं, आणि खरंच छान झालं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त घरी आल्यावर त्या बराच वेळ चपला काढायच्या विसरायच्या.

एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दारात एक मुलगी, पाठीवर पिशवी, कानाला फोन. कारखान्यात नवीन लागलेली, परगावची. "आई ऐकतच नाही हो," ती फोनवर हात ठेवून म्हणाली. "गाव कसं आहे, कोण आहे, हेच विचारत बसलीय. तुम्ही सांगता का तिला?" आणि तिनं फोन बाईंच्या हातात दिला.

"नमस्कार," पलीकडचा आवाज दबलेला होता. "कसं आहे हो गाव?"

चाळीस पानं बाईंना तोंडपाठ होती. त्यातलं एकही आठवेना.

"तुमची मुलं तिथेच असतील ना, जवळ?" पलीकडून विचारलं.

"एक लेक आहे. ती गेली शिकायला, लांब."

पलीकडची बाई म्हणाली, "म्हणजे तुम्हाला मी वेगळं काय सांगू!"

"सांगा," बाई म्हणाल्या. समोरचा कागद ओढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "सगळं सांगा. मी आहे इथे."

"ताप आला तरी ती सांगत नाही. नुसती गप्प होते. गप्प दिसली की हात लावून बघा."

बाईंनी लिहिलं. दारातली मुलगी "आई, काय हे!" म्हणून लाजली आणि नकाशाकडे तोंड करून उभी राहिली.

"आणि सकाळी उठल्या उठल्या तिच्याशी बोलायचं नाही. अंगावर येते."

तेही लिहिलं. मग पलीकडची बाई हळूच म्हणाली, "आणि तुमची?"

लेक गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. बाई खुर्चीत टेकल्या. "माझी ना," त्या म्हणाल्या, "दार ओढून घेते आणि किल्ली आतच विसरते. भिंगात डोकं घातलं की जेवण विसरते. रडायला लागली की आधी जोरात भांडते, तेव्हा भांडायला लागली तर समजून घ्यायचं..." त्या बाईच्या गावाचा आणि लेकीच्या शहराचा काडीचा संबंध नव्हता. ती तिला जन्मात कधी भेटणार नव्हती.

"थांबा हं," ती मधेच म्हणाली. कसला तरी खण उघडल्याचा आवाज आला. "हळू सांगा. लिहून घेते."